उणे एक

टार्टूमध्ये पहाटेचे चार. बाहेर उणे एकोणीस.
लीवी वाचतेय एन्डेलचा अकरा वर्षांपूर्वीचा कोड.

सगळ्यात खालचं फंक्शन प्रामाणिक होतं.
केबल तुटली की म्हणायचं : उणे एक.
त्याच्या वरचं मिठाची गुळणी धरून बसायचं
आणि आणखी वर कळवायचं : शून्य,
म्हणजे सारं आलबेल.
शेजारी एन्डेलची टीप : ‘हे इथे घडणार नाही.’

तळ्याकाठच्या पाटीवर बर्फाची जाडी
काल बेचाळीस सेंटिमीटर, परवा बेचाळीस,
आज बर्फ करकरतोय तरी बेचाळीस.
मासे धरायला निघालेला यूलो
पाटी बघून गाडी आत घालणार होता.
कुत्रा अडून बसला, म्हणून राहिला.

लीवी टीप लगेच खोडत नाही.
एन्डेल घाईत असायचा, वाईट नव्हता.

मग तळापासून चढत जाते,
एकेका फंक्शनला बजावत :
खालून आलं ते वर सांग,
कुठे अडलं तेही सांग,
सावरता येत नसेल तर निदान झाकू नकोस.
सत्तावन्न जागा. कॉफी गार.

शेवटी टेबलावरच्या सेन्सरची केबल
स्वतःच उपटते.
पडद्यावरचा आकडा पुसला जातो.
‘वाचता आलं नाही.’

केबल ती परत लावत नाही इतक्यात.
तेवढी ओळ
पुन्हा पुन्हा वाचत बसते.