दुभाष्या

सकाळी साडेसहाला हॉटेलच्या पायरीवर
ती माझ्या आधीच तयार उभी.
इनेश, पोर्तुगालची, साठीच्या अलीकडे-पलीकडे,
पाठीवर पिशवी, आणि नजर सारखी खाली.
मला वाटलं, लाजाळू आहे.

गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या, अंगावर वाफ.
गवळ्यानं समोर धार काढून पेला हातात दिला.
तिनं फेसाची मिशी पुसली नाही.
"पावणं चांगलं हाय की," तो म्हणाला.
मी सांगितलं: तो म्हणतो, आमचं दूध जगात भारी.
हा माझा धंदा. थोडं वाढवून देणं,
खानावळवाला रस्सा वाढतो तसं, न विचारता.

देवळात खांब मोजून दाखवले,
दरवेळी वेगळे भरतात.
कुठल्याही दगडाला मी हजार वर्षं देतो,
अजून कुणी परत केली नाहीत.
किरणं देवीच्या पायांवर येतात ते सांगताना
आवाज आपोआप खाली जातो,
तिथं मात्र काही वाढवावं लागत नाही.
ती ऐकत होती, पण बघत होती
महाद्वाराबाहेर, चपला सोडतात तिथं:
शेकडो जोड, झिजलेल्या टाचा,
कुणाची डावी जास्त, कुणाची उजवी.

तालमीच्या तांबड्या मातीत
दोन पोरं एकमेकांना पेलत होती.
"बाईमाणसाला आत..." वस्ताद म्हणाले
आणि थांबले.
मग स्वतःच उंबऱ्याबाहेर सतरंजी टाकली,
थंडाईचा पेला पुढं केला.
पहिलं अर्धं वाक्य मी गिळून टाकलं.

दुपारी पांढऱ्या रश्श्यावर खूश झाली, तांबड्यानं रडली.
शेजारच्या टेबलावरचा माणूस उठला,
आपला कांदा तिच्या ताटात ठेवून गेला.

आता रंकाळा, मी म्हटलं. गार वारा, भेळ.
तिनं पिशवीतून एक आरी काढली,
लाकडी मूठ, अंगठ्यापाशी खळगा पडलेली.
"मी चांभार आहे," ती म्हणाली.
"तुमचे चांभार दाखव."

बावीस वर्षं गाईड आहे मी.
चपलांच्या दुकानांत नेलेत शेकडो पावणे,
जोडामागं कमिशन घेतलंय.
पण कातडं जिथं भिजतं
त्या गल्लीत कधी वळलो नव्हतो.
रस्ता विचारावा लागला. माझ्याच गावात.
रिक्षावाला हसला,
"काय माने, ह्यातलं पावणं कोण?"

शेवंताक्का दारात बसून वेणी घालत होत्या,
चामड्याची, पोरीच्या केसांसारखी बारीक.
इनेश शेजारी बसली, सरळ जमिनीवर.
मी तोंड उघडलं, तोवर
दोघींचे हात बोलायला लागले होते:
रापीची धार नखावर बघणं,
नाक लावून साल ओळखणं,
उलटा पडलेला टाका एकीनं दाखवणं
आणि दोघींनी हसणं, मोठ्यानं.
पाऊण तास मला कुणी काही विचारलं नाही.
खिशात हात घालून उभा राहिलो,
तिकीट काढून आत आलेल्यासारखा.

मग पाणी आलं, स्टीलचे दोन पेले.
इनेश गटागटा प्याली.
मीही घेतलं. प्यालो. पण जरा थांबून.
किती? एक टाका घालायला लागतो, तेवढंच.
इनेशच्या लक्षात आलं नसेल.
आक्कांनी वेणीवरची नजर उचलली
आणि परत खाली नेली.

निघताना त्या माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या,
"सायेब, तुमचा डावा जोड आतनं झिजलाय.
चालताना कचरता काय?"

काय म्हणाल्या? इनेशनं विचारलं.

मी सांगितलं.
एक शब्दही न वाढता.