चार शब्द, आठ लारी

कुताइसीच्या बाजारात, पनीरवाल्यांच्या रांगेच्या टोकाला
मी अक्रोड विकते आणि वाळल्या झेंडूची पूड.
माझ्या तराजूला खेटून एतेरीचं टेबल.
त्यावर वही, दोन पेन्सिली, आणि पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात:
‘प्याला उचलण्याआधी बोलायचे चार शब्द.
लग्न, बाप्तिस्मा, दुखवटा. आठ लारी.
हसवणारे हवे असतील तर दहा.’

आमच्याकडे नुसतं पिऊन भागत नाही.
आधी कुणीतरी उभं राहायचं, बोलायचं,
तोवर बाकीच्यांनी हातातल्या दारूकडे बघायचंही नाही.
ज्यांना जमतं त्यांना जमतं.
ज्यांची जीभ नेमकी तिथंच टाळ्याला चिकटते
ते सकाळी नऊलाच एतेरीसमोर, टोपी हातात.

मोज्यांच्या कारखान्यात ती हिशेब लिहायची.
तो बंद पडला, तेव्हा तिनं हे दुकान मांडलं.
‘आणि भांडवल?’
‘कान,’ म्हणाली.

लोकांना वाटतं, कल्पना सुचते. वीज चमकते तशी वगैरे.
मी अक्रोडांची हिरवी सालं काढते तेव्हा
बोटं महिनाभर काळी राहतात,
आणि फोडेपर्यंत आतलं कळत नाही.
एतेरीचंही तेच. फक्त तिची बोटं शिशाची.

बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, त्यात चिठ्ठ्या:
‘म्हातारा गेल्यावर घड्याळाला किल्ली द्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.’
‘नवरी डावखुरी आहे. सासूही.’
‘उधार मागण्याआधी तो आमच्या कुत्र्याला कुरवाळायचा.’
निम्म्या चिठ्ठ्या माझ्या.
गिऱ्हाईक घासाघीस करताना बोलत राहतं, मी ऐकते.
एका चिठ्ठीचे वीस तेत्री. रोख.

काही दिवस काहीच हाती लागत नाही.
मग ती जुनं खोडते, खोडलेलं परत लिहिते,
माझ्या झेंडूवर फुकट शिंकते.
आणि ‘फार थोर माणूस होता’ असं कुणी म्हणालं
की वही मिटते.
‘मेल्यावर सगळेच थोर.
त्याला कुठली भाजी आवडत नव्हती ते सांगा.’

द्राक्षं तुडवायच्या दिवसांत वाझा आला, बागदातीचा गवंडी.
भावाची साठी. अकरा वर्षं बोलणं नाही.
कारण?
एक शिडी.

एतेरीनं चार खर्डे केले.
पहिल्यात क्षमा होती. खोडला.
दुसऱ्यात आई होती;
आई आली की सगळंच सोपं होतं, म्हणून खोडला.
तिसरा फार चांगला झाला, तिला संशय आला.
चौथ्यात नुसती शिडी होती. तोच दिला.

सोमवारी वाझा परत. कागदाची घडी तशीच.
‘चष्मा घरी राहिला. बोललो आपलं काहीतरी.
पैसे द्या माझे.’
‘काय बोललात?’
तो खाली बघत म्हणाला,
‘म्हटलं, शिडी तुझ्याकडेच राहू दे.
चढशील तेव्हा खालून धरायला मला बोलाव.’

एतेरीनं आठच्या आठ लारी मोजून दिल्या.
त्याची पाठ वळली, आणि डब्यात एक चिठ्ठी पडली.
‘ही चोरी आहे,’ मी म्हणाले.
‘आहे,’ ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढत बसली.

त्या हिवाळ्यात ती ओळ तीन टेबलांवर गेली.
एकदा शिडीची होडी झाली,
एकदा शिवणयंत्र,
एकदा उरलं नुसतं ‘धरते मी’.

परवा ती चहाला गेली तेव्हा डबा उघडा होता.
झाकणाला आतून चिकटवलेला कागद:
‘वाझा, बारा लारी देणं.’
त्याखाली माझं नाव.
पुढचा आकडा तीनदा खोडलेला.

मी झाकण लावलं.
दुपारी एक बाई अक्रोड निवडता निवडता
मुलीबद्दल काहीतरी बोलून गेली.
वीस तेत्रींचा ऐवज होता, सहज.
मी कागदाची पिशवी उलटी केली,
तराजूवर ठेवली,
आणि एतेरीकडे तिची दुसरी पेन्सिल मागितली.