बत्तीस चौकटी

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
माझ्यासमोर बत्तीस चौकटी आहेत.
तिसऱ्या भागात एवढेच लढवय्ये मावतात,
त्यापुढे पैसे संपतात.
जुने अठ्ठावीस. नवे दहा, त्यांची चित्रंही आली:
एकीच्या वेणीत साखळी, एकाला हातच नाहीत.
म्हणजे सहा जणांना घरी पाठवायचं,
आणि ते मी, शुक्रवारपर्यंत.

डोंगऱ्याला शंभरात एक जण निवडतो,
तोही बहुधा चुकून.
ठेंगणा, जाडा, खांद्यावर दगडी पाटा,
तो हात उचलतो तोवर
समोरचा दोन लाथा घालून मागे सरकलेला असतो.
त्याच्या नावावर लाल रंग दिला.
मग काढला.
मग चहाला गेलो.

खरं नाव वेगळंच आहे त्याचं. आम्हाला वाचता येत नव्हतं.
जरीपटक्यात, लख्मीचंदच्या पार्लरमध्ये तो डोंगऱ्या झाला.
मूळ कंपनी बुडाली, खेळ विकला गेला,
फिरत फिरत आमच्या मजल्यावर आला,
तरी मी त्याला त्याच नावाने ओळखतो.
रुपयात एक डाव. मे महिन्यात
निम्मी पोट्टी नुसती कूलरसाठी यायची,
वाळ्याचा ओला वास, बटणांचा खडखडाट.
हरला तो उठायचा,
आणि सगळ्यात जास्त वेळ उभा असायचा रोशन उईके.
“काहून बे, दुसरा घे ना कोणी.”
“हा उशिरा मारते. पण मारते तं समोरचा उठत नाही.”
सतरा डावांत एकदा व्हायचं तसं.
तेवढ्यासाठी लख्मीचंद गल्ला सोडून यायचा.

शुक्रवारी नेमकी मारबत निघाली.
ऑफिसला सुट्टी नव्हती, मी मारली.
इतवारीत काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या,
मागे बडगे: खड्ड्यांचा एक, वीजबिलाचा एक,
एकाच्या तोंडात भलामोठा मोबाइल.
गेल्या वर्षीचे कोणते होते, विचारून बघा. कोणी सांगणार नाही.
आणि पिवळीला यंदा जरा बारीक करा, पळती करा,
असंही कोणी म्हणत नाही.
वाटलं, सापडलं.
मग आठवलं, दिवस मावळायच्या आत तिलाही जाळतात.
पुढच्या वर्षी येते ती तीच,
पण कामट्या नव्या, कागद नवा.
पुन्हा काही सापडेनासं झालं.

रोशन तिथेच भेटला, खांद्यावर पोरगी.
मेट्रोच्या डेपोत वेल्डिंग करतो आता.
सगळं ऐकून घेतलं त्याने, गर्दीत कान माझ्या तोंडाशी आणून.
“ठेवतोस तं ठेव, नाही तं काढ.
पण लवकर मारणारा करून ठेवू नको.
तो मंग डोंगऱ्या नाही राह्यत,
त्याचे कपडे घातलेला दुसराच कोणी राह्यते.”
माझ्या फायलीत हेच लिहिलं होतं, हिरव्या रंगात:
वेग दीडपट केल्यास ठेवता येईल.

पोरीने माझा फोन ओढला.
साखळीच्या वेणीवरून बोट पुढे गेलं,
हात नसलेल्यावर क्षणभर थांबलं,
मग पाटा घेतलेल्या ठेंगण्यावर टेकलं.
“काका, हा नवीन आहे का?”
रोशन हसला नाही. मीही नाही.
मिरवणूक पुढे सरकली, आम्ही रेटले गेलो.

सोमवारी मी पाच जुनी नावं दिली.
सहावं, हात नसलेला. चौथ्या भागापर्यंत थांबेल, म्हटलं.
चौथा भाग निघेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही.
प्रणोतीने त्याला अकरा वेळा काढला होता,
हातांशिवाय तोल कसा सावरतो ते
घरच्या आरशासमोर स्वतः करून बघत.
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.
डोंगऱ्या राहिला, त्याच्या उशिरासकट.

पण रात्री मला दुसराच कोणी दिसतो,
कुठल्याशा गावातला, अजून नाव नसलेला पोट्टा,
जो त्या बिनहाताच्या लढवय्यासाठी
सतरा डाव हरत उभा राहिला असता.