पहाटे चारची नोंद

सातवीत आम्ही एकवीस जण
आणि औशाच्या बिराजदार बाई,
ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बदलीच्या आदेशानंतर.
खाडीकडची खिडकी त्या लावूनच घ्यायच्या.
म्हणायच्या, पाणी सारखं हलतंय, फळ्यावर लक्ष लागत नाही.
कुणाचं, ते सांगायच्या नाहीत.

तरी आलेखाचा धडा आला तेव्हा
पुस्तकातलं तापमानाचं कोष्टक त्यांनी मिटलं.
कळकाची काठी आणवली, तीन मीटर.
होडीला लावून उरलेल्या लाल रंगानं
दर दहा सेंटिमीटरवर रेघ,
रेघा वाकड्या, कारण हात गजा भुवडचा.
धक्क्याच्या खांबाला ती काठी सुंभानं जखडली
आणि दिवसाचे चोवीस तास आमच्यात वाटले,
खिचडी वाटतात तसे, डाव मोजून.

ज्याच्या घरातलं मोठं माणूस ज्या वेळी जागं
ती वेळ त्याची.
गजाचे वडील जाळ्यावर निघतात, त्याला तीन.
मेहरुन होडेकरकडे अजानीआधी चूल पेटते, तिला पाच.
माझे बाबा फेरीबोटीवर रात्रपाळीचे राखणदार.
मला चार.

पौषातली थंडी. केबिनमधली घोंगडी.
बाबांनी दोनदा हाक मारली,
मी दोनदा झोपेतच म्हटलं, उठलो.
सकाळी वहीत चारपुढे जागा कोरी.
मला वाटलं, रात्री पाणीही निजत असणार.
लिहिलं : नव्वद.
अक्षर मात्र वळणदार काढलं.

बाई फळ्यावर टिंबं देत गेल्या.
तीनला दोनशे चाळीस.
चारला नव्वद.
पाचला दोनशे.
मग पट्टी न लावता, हातानं, टिंबं जोडली
आणि दाभोळच्या खाडीत
पहाटे चार वाजता एक खड्डा पडला.
सरळ. विहिरीसारखा.
वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मेहरुन हसली नाही. ती कधी उभी राहायची नाही,
अपूर्णांकांत तिला तीन गुण होते वीसपैकी.
म्हणाली, बाई, काल चौथ होती.
चारची पाऊणपट तीन. तीनला भरती पुरी.
तासाभरात पाणी जाईल कुठं?
बाईंनी खडू खाली ठेवला.
पाऊणपट कुणी शिकवली तुला?
दादांनी. होडीवर सगळ्यांना येते.
बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं चार गुणिले तीन छेद चार
आणि तिच्याकडे पाहत राहिल्या,
पेपर आपणच चुकीचा तपासल्यासारख्या.

खड्डा पुसा ना, गजा म्हणाला.
नाही, म्हणाल्या. नोंद आहे. राहू दे.
माझ्याकडे बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी परत चौथ येते, मेहरुननं सांगितलं होतं.
त्या रात्री मी हाकेआधीच जागा.
धक्क्यावर बाबांच्या बॅटरीचा उजेड
आणि उजेडात बाई,
कानाला मफलर, पायात मोजे आणि चप्पल,
खांबाला दोन्ही हातांनी धरून.
तू वाच, म्हणाल्या, मी लिहिते. माझ्यानं खाली बघवत नाही.

मी पालथा पडून बघितलं.
पाणी निजलेलं नव्हतं.
काळं, फुगलेलं, काठीला चाटत होतं,
एक रेघ बुडायची, निघायची, परत बुडायची.
किती? बाई म्हणाल्या.
थांबा, मी म्हटलं, अजून ठरत नाही.
मग त्याही बसल्या. मग वाकल्या.
दोनशे तीस, आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आलेख वर्षभर भिंतीवर होता,
खड्ड्यासकट, शेजारी हिरव्या पेन्सिलीची नवी रेघ.
खाली नाव कुणाचंच नव्हतं.

काठी अजून आहे. रंग गेला.
परवा सुकतीला गेलो होतो तेव्हा पाहिलं,
नव्वदच्या आसपास कालवं बसली आहेत,
धारदार. बोट कापलं.