मागचं डोकं

शुक्रवार पेठेतलं वसंता टिपुगडेचं दुकान
दिवाळीपासून बंद. शटरवर ‘भाड्याने देणे’.
म्हणून हे पाकीट, महाद्वार रोडवरनं,
बाईचा फोटो असलेलं; पुरुषांचं संपलं होतं.

वाटी स्टीलची, तिच्यावर कुणाच्या तरी बारशाची तारीख.
जुना टूथब्रश. अंगात टाकायला काढलेला बनियन.
पाकिटावर लिहिलंय : आधी कानामागं लावून दोन दिवस थांबा.
दोन दिवस! उद्या पुतणीचा साखरपुडा.

पुढचं जमलं. कल्ले जमले.
मिशी एका बाजूला जरा जास्तच.
मग हात मागं गेला
आणि तसाच राहिला.

तिथं काय आहे, मला माहीतच नाही.
सव्वीस वर्षं तो मुलूख वसंताकडं होता.
मान दाबून म्हणायचा, “हलू नगासा,”
आणि दुधाचा दर, जावयाची दारू, गुडघ्याचं दुखणं
सगळं माझ्या मागच्या डोक्याला सांगायचा.
शेवटी मागं आरसा धरून, “बरं हाय न्हवं?”
मी न बघताच, झकास.

अर्ध्या तासानं बादली. मोरीतनं काळं पाणी गेलं,
एक कान तसाच राहिला.

कागलच्या हॉलवर पुतणी हळूच म्हणाली,
“काका, मागं राहिलंय.”
राहू दे म्हटलं,
आणि पंगतीत भिंतीला पाठ लावून बसलो.