वाघकरवत

आमच्याकडे तिला वाघकरवत म्हणतात.
का, ते मला ठाऊक नाही. डरकाळीमुळे असेल.
ल्यूकसेलेत वाघ आणायचा कुठून?
इथे फार तर एल्क, तोही रस्ता ओलांडताना.

मार्चमधला मंगळवार. दुकानात गिऱ्हाईक नाही,
दारापाशी बर्फाचं पाणी, त्यात माझं पोतेरं.
आल्गोट स्टेनवाल आत आले.
हातमोजे काढले नाहीत.

"काय काय कापायचंय?"
पहिला प्रश्न हाच, मालकीणबाईंनी शिकवलेला:
करवत मागाहून, आधी काम.

तळघरातला बिडाचा पाइप, म्हणाले, थंडीनं फुटलेला.
सॉनाची जुनी बाकं, खिळ्यांसकट.
वादळात शेडवर रेललेला बर्च.
आणि एक लोखंडी पलंग,
तो दारातून निघत नाही.
पलंगाबद्दल पुढे काही बोलले नाहीत.

मी तीन करवती काउंटरवर मांडल्या.
वायरची: दणकट, स्वस्त,
पण बर्चपर्यंत वायर कोण ओढत नेणार?
बॅटरीची मोठी: पातं बत्तीस मिलिमीटर मागेपुढे धावतं,
बिडाला भिडेल, पण वजन साडेतीन किलो,
तान्ह्या बाळाएवढं, आणि तेवढंच आकांडतांडव.
तिसरी छोटी, एका हातात मावणारी,
पाइपामागच्या सांदीत शिरणारी,
दम मात्र बेताचा.

पात्यांचंही सांगितलं. सांगावंच लागतं.
लाकडाला विरळ दात, पत्र्याला दाट,
खिळेवाल्या फळीला दोन धातूंचं, वाकेल पण मोडणार नाही,
बिडाला कार्बाइड.
महाग आहे, पण बाकीची तिथे
स्वतःचेच दात पाडून घेतात.

ते ऐकत होते, म्हणजे
खोक्यावर एक आकडा शोधत होते.
"हादरे किती?"
मी बोट ठेवलं. बारीक अक्षरांत, कोपऱ्यात.
हा आकडा कुणी विचारत नाही.

मग मोजे निघाले.
चार बोटं मधल्या पेरापासून पांढरी, मेणासारखी.
एकतीस वर्षं जंगलात, चेनसॉ, ते म्हणाले,
उद्या ढग असतील म्हणावं तसं.

मागच्या खोलीत शेगड्यात एक ओंडका आवळलेला असतो,
गिऱ्हाइकाच्या खात्रीसाठी.
मोठी करवत त्यांनी धरली, घोडा दाबला.
भुसा उडाला, खिडकीची काच थरथरली.
घोडा सोडून ते म्हणाले,
"मुठीत काहीच कळत नाही.
चालू आहे हे मला कानांनी कळतं.
तू धर. तू सांग."

मी धरली.
तीन वर्षं विकतेय, पण
दुसऱ्या कुणाच्या हातांसाठी कधी धरली नव्हती.
मोठी कोपरापर्यंत येते, मी म्हटलं,
मुंग्या, अगदी दाढांतसुद्धा.
पुढचा बूट लाकडाला घट्ट टेकवला
की जरा माणसाळते.
छोटी मनगटाशी थांबते. नाही, थोडी पुढे.
आता थांबली.
ते मान हलवत राहिले,
दूर गावाहून आलेलं पत्र
मी वाचून दाखवत असल्यासारखे.

छोटीच घेतली. कार्बाइडची दोन पाती, लाकडाची पाच.
बिडाला वेळ लागेल, मी बजावलं.
"वेळ आहे."
मोजे चढवले, पावती दातांत धरली,
दार खांद्यानं ढकललं.

आणि मला आठवलं, सांगायचं राहिलंच.
कोट न घालता धावले.
गाडीत ते हीटरच्या जाळीवर हात धरून बसले होते,
शेजारच्या सीटवर खोकं, त्याला पट्टा लावलेला.
काच खाली आली.
बॅटरी रात्री शेडमध्ये ठेवू नका, मी म्हटलं,
गारठ्यानं मरगळते, घरात उबेला ठेवा.
"माहीत आहे," म्हणाले, "तिचं आणि माझं जमेल."

परत येऊन पोतेरं उचललं
तर तळहातात करवत अजून चालूच.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले,
मुंग्या जाईपर्यंत.
अकरा मिनिटं लागली.