कलम सात, पोटकलम तीन

आमच्या बंदरात एकशे बारा बोये आहेत.
एकशे तेरावा बसत नाही. वारा फिरला
की बोटी आपापल्या साखळीवर वळतात,
एकीचं शेपूट दुसरीच्या नाकाला लागतं
आणि भांडण थेट माझ्या स्वयंपाकघरात येतं.
मी इथला बंदर-अधिकारी. अर्धवेळ.
उरलेला वेळ बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करतो.

पर्किट्स कोव्ह, राज्य मेन.
नियमांची पुस्तिका चौदा पानी, पुठ्ठा हिरवा.
ठोकळा ग्रॅनाइटचा, दोन टनांचा. तळाची साखळी एक इंच जाड.
वेग ताशी पाच मैलांच्या वर नाही.
खाडीत बादली ओतायची नाही
(कुठली बादली, ते सगळ्यांना ठाऊक).
आणि कलम सात, पोटकलम तीन:
हंगामात निदान तीस दिवस
ज्या जागेवर बोट दिसणार नाही
ती जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला.

पहिलं नाव ट्रेंट ॲलीचं. नऊ वर्षं झाली.
पहाटे साडेतीनला शेजारच्या गावातून निघतो,
शेवंडांचे दोनशे पिंजरे, तान्ही मुलगी, कर्जाचं इंजिन.
येता-जाता त्याला सत्तेचाळीस नंबर रिकामा दिसतो.
विचारत नाही कधी. फक्त तिथे वेग कमी करतो,
पाचाच्याही खाली.

सत्तेचाळीस एल्बर्ट पिंकमचा.
फेब्रुवारीत एल्बर्ट गेला, एप्रिलमध्ये बोट विकली,
मे महिन्यात लोरेटाने फी भरली.
जुलैत मी पुस्तिका घेऊन तिच्या पायरीवर बसलो.
तिने कॉफी दिली. साखर किती, विचारलं नाही; ते तिला माहीत होतं.
मी नियमावर बोट ठेवलं.
तिने चष्मा लावून वाचलं, दोनदा.
"केवढी, ते कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी तिने
नियमावर बोट ठेवली.

बोट म्हणजे काय, नऊ फुटी वल्ह्याची होडी,
एका बाजूचा रंग उडालेली.
संध्याकाळी साडेपाचला लोरेटा, वय एकाहत्तर,
केशरी जाकीट, पायाशी थर्मास,
बोयाला दोर बांधून बसायची.
होडी तिथे ठेवून परतायचं
तर दुसरी होडी हवी, ती नव्हती.
काही करायची नाही. विणकामसुद्धा नाही.
सूर्य बेटामागे गेला की घरी.
मी धक्क्यावरून रजिस्टरात लिहायचो: व्यापलेली.

नगरसभेत कुणीतरी उठून म्हणालं, ही पळवाट आहे.
मी म्हटलं, वल्ही मारत जाते बाई,
पळवाट कसली?

तिसावा दिवस धुक्याचा.
धक्क्याची शेवटची पायरी मला दिसेना,
आणि पोटकलम म्हणतं, दिसली पाहिजे.
मी कान दिला.
बऱ्याच वेळाने लोखंडी कड्यात वल्ह्याची खट्.
मग काहीच नाही.
मग पुन्हा खट्, पण भलत्या बाजूने, उघड्या समुद्राच्या.
मी ओरडणार इतक्यात
डावीकडून भोंगा वाजला. आखूड. थांबून परत आखूड.
ट्रेंट. इंजिन बंद करून, सत्तेचाळीसच्या अंगाला
तरंगत उभा.
खट् वळली. जवळ येत गेली.
ओला दोर बोयाच्या कड्यातून ओढताना
जो आवाज करतो, तो झाला.

यादीतला पहिला.
पेट्रोल पंपावर मला म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू,"
आणि सुटे पैसे मोजत राहिला.

रजिस्टरात मी लिहिलं: व्यापलेली.
कंसात: ऐकून.

ऑक्टोबरात पाणबुड्याने साखळ्या तपासल्या.
सत्तेचाळीसची, ठोकळ्याच्या कडीपाशी,
पेन्सिलीएवढी झिजली होती.
तसं मी तिला पत्राने कळवलं.
नवी घालावी लागेल, पंधरा मेच्या आत.
कलम नऊ.